फ्लाइट सिम्युलेटरमध्ये फ्रेम जनरेशन: आधी ३० स्थिर, मग ६०

मुंबईच्या धावपट्टी २७वर पूर्वेकडून, घाटकोपरच्या इमारतींवरून उतरताना फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) २५च्या आसपास येतो आणि बरोबर फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, चित्र अडखळतं. ग्राफिक्स कार्ड चांगलं, सेटिंग कमी केलेली, तरी तेच. लॉसलेस स्केलिंगसारखं फ्रेम जनरेशनचं सॉफ्टवेअर इथे खरोखर कामाला येतं, पण ते नीट बसवलं तरच. अनेक जण ते विकत घेतात, चालू करतात, चित्र आणखी अडखळलं की वैतागून काढून टाकतात. चूक बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची नसते. मूळ फ्रेम रेट हेलकावे खात असतो आणि सॉफ्टवेअर तेच हेलकावे दुप्पट करून दाखवतं.

फ्रेम जनरेशनने सिम्युलेटर वेगवान होत नाही. सिम जेवढ्या फ्रेम बनवतो तेवढ्याच बनवत राहतो. सॉफ्टवेअर लागोपाठच्या दोन फ्रेम घेतं, कोणता पिक्सेल कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधतं आणि मधली एक फ्रेम स्वतः तयार करतं. डोळ्याला गती सलग दिसते. आपल्या छंदाला हे तंत्र इतकं चपखल बसण्याचं कारण असं की सिममध्ये अडतो तो प्रोसेसर, त्यातही मुख्य थ्रेड (प्रोसेसरमधली कामांची एक रांग). विमानाच्या सिस्टिम्स, जमीन, ट्रॅफिक, कॉकपिटमधले स्क्रीन या सगळ्याचं ओझं त्या एका थ्रेडवर पडतं, आणि ग्राफिक्स कार्ड ६०-७० टक्क्यांवर बसून वाट बघत असतं. ती रिकामी ताकद वापरायला मिळते. शिवाय एअरबस ए३२० अंतिम टप्प्यात सरळ रेषेत, संथपणे खाली येतं. मधल्या फ्रेमचा अंदाज बांधायला यापेक्षा सोपं दृश्य मिळणं कठीण.

आधी मोजा

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० किंवा २०२४मध्ये जनरल ऑप्शन्सच्या डेव्हलपर भागात जाऊन डेव्हलपर मोड चालू करा आणि वरच्या मेनूतून एफपीएस (फ्रेम रेट) दाखवण्याचा पर्याय निवडा. त्या चौकटीत मेनथ्रेड (तोच मुख्य थ्रेड) आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) किती मिलिसेकंद घेतात ते दिसतं, आणि सध्या कोणामुळे अडलंय तेही लिहून येतं. ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असेल तर फ्रेम जनरेशन तुमच्यासाठी आहे. ‘लिमिटेड बाय जीपीयू’ असेल तर आधी ढग, सावल्या किंवा रेंडर स्केलिंग कमी करा, कारण मधल्या फ्रेम बनवायलाही तेच कार्ड लागतं.

मोजणी हलक्या ठिकाणी करू नका. उजाड माळरानावर ६० मिळतात याला काही अर्थ नाही. सविस्तर बनवलेला मोठा विमानतळ, त्यावर फेनिक्सचं ए३२० किंवा पीएमडीजीचं ७३७ यांसारखं जड ॲड-ऑन विमान, ढगाळ हवा, गेटवर इंजिनं बंद, आणि मग धावपट्टीच्या ५ मैल अलीकडे: या दोन जागांचे आकडे घ्या. दर वेळी तेच विमान, तीच वेळ, तेच हवामान. नाहीतर सेटिंग बदलल्याने फरक पडला की ढग हटल्याने, ते कळणार नाही.

३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद. मेनथ्रेड सर्वात जड जागी २८च्या आत राहील एवढं काम करा. सगळ्यात जास्त फरक पडतो टेरेन लेव्हल ऑफ डिटेलने (जमीन किती दूरवर बारकाईने दाखवायची): २०० असेल तर १०० करून बघा. मग एआय ट्रॅफिक (सिमने चालवलेली इतर विमानं) कमी करा, ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट (कॉकपिटमधले स्क्रीन किती वेळा ताजे होतात) मध्यमवर आणा. टेरेनचा आकडा जमिनीवर कमी आणि उंचीवर जास्त ठेवणारं ऑटोएफपीएस नावाचं मोफत साधन मिळतं. ते चांगलं आहे, पण त्याचं लक्ष्य लॉक केलेल्या फ्रेमशी जुळवून घ्या.

मूळ फ्रेम रेटला कुलूप

सगळ्या प्रकरणातली ही सर्वात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर या फ्रेमवर मर्यादा घालणाऱ्या साधनामध्ये सिमची .exe फाइल जोडा आणि फक्त तिच्यासाठी फ्रेमरेट लिमिट ३० ठेवा. ग्लोबल प्रोफाइलमध्ये ३० टाकलंत तर ते लॉसलेस स्केलिंगलाही लागू होतं आणि दुप्पट झालेल्या फ्रेम पुन्हा ३०वर कापल्या जातात. ‘चालू केलं, पण काहीच फरक नाही’ या तक्रारीमागे हे एक नेहमीचं कारण. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून मर्यादा घालत असाल तरी नियम हाच: प्रोग्रॅमपुरती घाला, ग्लोबल नको. सिममधला व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) बंद ठेवा. कुलूप एकाच ठिकाणी असू द्या.

आकडा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला (सेकंदाला तो किती वेळा चित्र ताजं करतो) भाग जाईल असा हवा. ६० हर्ट्झला ३० गुणिले २. १२० हर्ट्झला ४० गुणिले ३, किंवा प्रोसेसर दमदार असेल तर ६० गुणिले २. १४४ला ४८ गुणिले ३. ७५ हर्ट्झचा मॉनिटर अडचणीचा, कारण निम्मे साडेसदतीस होतात. तो विंडोजमधून सरळ ६०वर आणा. व्हेरिएबल रिफ्रेश (फ्रेमनुसार बदलणारा रिफ्रेश रेट) असलेल्या मॉनिटरवर एवढं काटेकोर राहावं लागत नाही, तरी एकूण आकडा रिफ्रेशच्या दोन-तीन फ्रेम खाली ठेवला तर बरं.

आता फ्रेम जनरेशन न लावता पाच मिनिटं उडा. ३०चा आकडा हलतोय का बघा. मध्येच २६ दिसत असेल तर पुढे जाऊ नका, परत टेरेनकडे या. ग्राफिक्स कार्डचा वापर इथे ८० टक्क्यांच्या आत हवा.

लॉसलेस स्केलिंगची मांडणी

हे स्टीमवर मिळणारं छोटं, स्वस्त सॉफ्टवेअर आहे आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डवर चालतं. सिम बॉर्डरलेस किंवा विंडो मोडमध्ये हवा. स्केलिंग टाइप ‘ऑफ’ ठेवा, आपल्याला चित्र मोठं करायचं नाही. फ्रेम जनरेशनमध्ये एलएसएफजी ३ (याच सॉफ्टवेअरची फ्रेम जनरेशन पद्धत) मालिकेतली आवृत्ती, मोड ‘फिक्स्ड’, मल्टिप्लायर (फ्रेम किती पट करायच्या) २. फ्लो स्केल १०८०पीला १००, १४४०पीला ७५, ४केला ५० टक्के, इथून सुरुवात करा. हालचालीचा अंदाज किती बारकाईने बांधायचा ते यावर ठरतं. ४केवर १०० ठेवलं तर कार्डवर भार पडतो आणि डोळ्याला फरक फारसा दिसत नाही. परफॉर्मन्स मोड फक्त जुन्या कार्डसाठी. ‘ड्रॉ एफपीएस’ मात्र चालू ठेवाच.

कॅप्चर एपीआयमध्ये (सिमचं चित्र पकडण्याची पद्धत) विंडोज ११ची २४एच२ किंवा नंतरची आवृत्ती असेल तर डब्ल्यूजीसी, नाहीतर डीएक्सजीआय. मॉनिटरवर एचडीआर चालू असेल तर इथेही एचडीआर सपोर्ट चालू करा, नाहीतर रंग धुतल्यासारखे फिके येतात. सिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर हेही तसंच चालवावं लागतं, अन्यथा शॉर्टकट दाबून काहीच होत नाही. दुसऱ्या स्क्रीनवर चार्ट उघडे ठेवणाऱ्यांनी मल्टी डिस्प्ले मोड चालू करावा. तो नसेल तर चार्टवर क्लिक केल्याक्षणी फ्रेम जनरेशन थांबतं, आणि नेमकं अप्रोचच्या गडबडीत.

विमान कॉकपिटमध्ये पूर्ण लोड झाल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एस दाबा. कोपऱ्यात ३०/६० दिसायला हवं. पहिला आकडा सिमच्या खऱ्या फ्रेमचा, दुसरा पडद्यावरच्या. सिमचा स्वतःचा काउंटर ३०च दाखवत राहील, ते बरोबरच आहे. मात्र तिथे २५/५० दिसलं तर कार्डात जागा उरलेली नाही: फ्लो स्केल खाली आणा किंवा ढग एक पायरी कमी करा. पहिला आकडा मुळातच चुकीचा, म्हणजे ३०च्या जागी ४५-५० असा उड्या मारत असेल, तर एखादं ओव्हरले (सिमच्या चित्रावर स्वतःचे आकडे वा खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम) मध्ये लुडबुडतंय. ओव्हरले बंद करा किंवा कॅप्चर एपीआय बदला.

ॲडॅप्टिव्ह मोड मोहात पाडतो, कारण त्यात ६० लिहिलं की मूळ फ्रेम २७ असो वा ३४, तो ६० पुरवतो. पण मग मधल्या फ्रेम समान अंतरावर पडत नाहीत आणि कार्डवर भारही जास्त येतो. ज्याला ३० स्थिर ठेवणं शक्य आहे त्याने फिक्स्डच वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

चित्र कुठे फाटतं

लॉसलेस स्केलिंगला फक्त तयार चित्र दिसतं. कॉकपिटची चौकट जवळ आहे आणि धावपट्टी दूर, हे त्याला ठाऊक नसतं. बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (सरळ अंतिम टप्प्याला) वळताना डावीकडे मान फिरवा आणि खिडकीच्या खांबाकडे बघा. खांबामागून बाहेर येणारे धावपट्टीचे दिवे कडेपाशी क्षणभर वितळतात, खांबाच्या बाजूने पाण्यासारखी थरथर दिसते. मागे काय होतं याची माहिती आधीच्या फ्रेममध्ये नसते, म्हणून सॉफ्टवेअर तो तुकडा आजूबाजूच्या रंगांनी भरून काढतं. मान सावकाश फिरवली की हे कमी होतं. मूळ फ्रेम ४० केली तर आणखी कमी, कारण दोन फ्रेममधलं अंतर ३३ मिलिसेकंदांवरून २५वर येतं. उलट मल्टिप्लायर २ऐवजी ४ केला तर पडद्यावरच्या चारपैकी तीन फ्रेम अंदाजाच्या होतात आणि हीच थरथर ठळक होते. सेसना १७२च्या पंख्याची पाती तुटक दिसतात, त्यावर इलाज नाही.

सिममध्ये बसवलेलं फ्रेम जनरेशन इथे सरस ठरतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर डीएलएसएस फ्रेम जनरेशन सिमच्या सेटिंगमधूनच मिळतं. त्याला प्रत्येक वस्तूच्या हालचालीची माहिती थेट सिमकडून मिळते, त्यामुळे खिडकीच्या कडा बऱ्याच स्वच्छ राहतात. २०२०च्या आवृत्तीत त्यासाठी डायरेक्टएक्स १२ लागतं, आणि विंडोजमध्ये हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग चालू हवं. ही सोय असेल तर लॉसलेस स्केलिंगच्या मागे लागू नका, आणि दोन्ही एकत्र तर मुळीच नको. एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेपासून पुढे ड्रायव्हरमधलं फ्लुइड मोशन फ्रेम्स आहे. तेही लॉसलेससारखं तयार चित्रावरच काम करतं.

हाताला जाणवणारा उशीर

मधली फ्रेम बनवायची तर पुढची खरी फ्रेम हातात येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून मूळ ३०वर साधारण एका फ्रेमचा, म्हणजे ३० मिलिसेकंदांच्या आसपासचा जादा उशीर धरून चाला. प्रवासी विमानात तो अंगवळणी पडतो. हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर धरताना मात्र त्रास होतो: चित्र उशिरा येतं, हात जास्त सुधारणा करतो आणि यंत्र झुलायला लागतं. तिथे मूळ फ्रेम ४५-५० नसतील तर फ्रेम जनरेशन बंद ठेवलेलं बरं. व्हीआर हेडसेटवर लॉसलेस स्केलिंगचा उपयोग नाही, त्यासाठी हेडसेटचं स्वतःचं मोशन रिप्रोजेक्शन (मधल्या फ्रेम भरण्याची सोय) वापरा.

जुनं कार्ड कपाटात पडून असेल तर ते दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून फ्रेम बनवण्याचं काम त्याच्याकडे देता येतं. लॉसलेसमध्ये प्रेफर्ड जीपीयू म्हणून जुनं कार्ड निवडा, विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये सिमसाठी नवं कार्ड ठरवा, आणि मॉनिटरची केबल जुन्या कार्डात खोचा. केबल नव्या कार्डातच राहिली तर तयार फ्रेम पुन्हा उलट्या पाठवाव्या लागतात आणि सगळा फायदा वाटेतच जातो. १४४०पीची एक फ्रेम साधारण १४.७ मेगाबाइटची. ३० फ्रेमला सेकंदाला ४४० मेगाबाइट होतात, पीसीआय एक्सप्रेस ३.०च्या चार लेनना हे सहज पेलतं. पॉवर सप्लाय दोन्ही कार्डांना पुरतोय का, हे आधी तपासा.

एक्स-प्लेन १२लाही हीच पद्धत लागते, फक्त मोजणी डेटा आउटपुटमधल्या फ्रेम रेटच्या ओळीतून करा. प्रोसेसर आणि ग्राफिक्सचा वेळ तिथे वेगवेगळा दिसतो. प्रोसेसरचा आकडा मोठा असेल तर वर्ल्ड ऑब्जेक्ट्स एक पायरी खाली आणा. एक्स-प्लेनमध्ये मूळ फ्रेम २०च्या खाली गेल्या की सिम स्वतःचा काळच संथ करतो. पडद्यावर ४० दिसत असल्या तरी विमान घड्याळापेक्षा मागे पडतं, आणि ऑनलाइन कंट्रोलरला (हवाई वाहतूक नियंत्रकाला) तुमचा वेग भलताच कमी दिसतो. म्हणून तिथे फ्रेम जनरेशन चालू करण्याआधी सर्वात जड विमानतळावर किमान २५ खऱ्या फ्रेम मिळवा.