आयतुल कुर्सीचे नऊ तुकडे

कुराणाची वर्तुळाकार रचना, म्हणजे पहिल्या भागाची शेवटच्याशी, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी अशी जोडी आणि मधोमध गाभा, समजून घ्यायची तर सुरुवात मोठ्या सूरहपासून (अध्यायापासून) करू नये. एकच आयत (वचन) घ्यावी आणि मूळ अरबी शब्द समोर ठेवून ती मांडावी. दुसऱ्या सूरहची २५५वी आयत, म्हणजे आयतुल कुर्सी, यासाठी सर्वांत योग्य. ती अनेक घरांत भिंतीवर असते, लहानपणापासून पाठ असते. कान तयार असतो, डोळ्यांनी पाहायचे तेवढे राहिलेले असते.

तिचे नऊ तुकडे पडतात. ते आपण मनाने पाडायचे नाहीत. छापील प्रतीत वक्फच्या, म्हणजे पठणात थांबण्याच्या, खुणा असतात आणि या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तशी खूण आहे. आता दोन्ही टोकांकडून आत या. पहिल्या तुकड्यात अल्लाहची दोन नावे, हय्य आणि कय्यूम. नवव्यातही दोनच, अली आणि अजीम. दुसऱ्यात त्याला डुलकी लागत नाही की झोप येत नाही; आठव्यात आकाश-पृथ्वी सांभाळण्याचा त्याला भार होत नाही. तिसऱ्यात ‘समावात’ आणि ‘अर्द’, म्हणजे आकाशे आणि पृथ्वी, त्याचीच. सातव्यात हेच दोन शब्द आणि त्यांना व्यापणारी त्याची कुर्सी. (आपली खुर्ची याच शब्दावरून आली.) चौथ्यात त्याच्या परवानगीशिवाय कोणी शिफारस करू शकत नाही; सहाव्यात त्याच्या इच्छेशिवाय त्याच्या ज्ञानातले काही कोणाच्या हाती लागत नाही. दोन्हीकडे ‘इल्ला बि’, म्हणजे ‘...शिवाय’, हा एकच सांधा. मधोमध पाचवा तुकडा: त्यांच्या पुढे काय आणि मागे काय, ते तो जाणतो.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवू नये. पाचव्यातले ‘यअलमु’ आणि सहाव्यातले ‘इल्म’ एकाच धातूतून येतात. त्यावर बोट ठेवून कोणी हे दोन तुकडे एकत्र धरले तर आठच उरतात आणि मध्य नाहीसा होतो. माझ्या मते ‘इल्ला बि’ची जोडी आणि मधली वक्फची खूण मिळून पारडे नऊच्या बाजूला झुकते. पण पुरावा म्हणतात तो असा, शब्दांचा आणि खुणांचा.

ही उलट्या क्रमाची चाल जुन्या अरबी-फारसी अलंकारशास्त्राला ठाऊक होती. ‘लफ्फ व नश्र’, म्हणजे गुंडाळणे आणि उलगडणे, हा तिथला नेहमीचा अलंकार. तिसऱ्या सूरहच्या १०६ आणि १०७ या आयती पाहा: काही चेहरे उजळतील, काही काळवंडतील, मग आधी काळवंडलेल्यांचे सांगितले आहे, नंतर उजळलेल्यांचे. आपल्याकडे मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना उपक्रम-उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, जुळवून पाहायला सांगितले. तेविसाव्या सूरहला ती कसोटी लावता येते. पहिल्या आयतीत श्रद्धावंत सफल झाले, ११७व्या आयतीत अश्रद्ध सफल होत नाहीत, आणि ‘सफल’साठी दोन्हीकडे धातू एकच.

कथेत हे कसे चालते ते बाराव्या, १११ आयतींच्या सूरह युसूफमध्ये दिसते. कुराणाचे अभ्यासक मुस्तन्सिर मीर यांनी १९८६ साली त्यावर लिहिले. चौथ्या आयतीत हजरत युसूफ स्वप्न सांगतात, मग भावांचा कट, अजीजच्या (ज्याच्या घरी युसूफ राहतात त्या मिसरी अधिकाऱ्याच्या) पत्नीचा मोह, शहरातल्या स्त्रिया, तुरुंग, राजाचे स्वप्न. इथून गाठी उलट क्रमाने सुटतात. राजाच्या स्वप्नाचा अर्थ लागतो. ५१व्या आयतीत आधी त्या स्त्रिया कबुली देतात, मग अजीजची पत्नी. मग भाऊ समोर येतात आणि १००व्या आयतीत पहिले स्वप्न खरे ठरते. शब्दही साक्ष देतात: स्त्रियांच्या तोंडचा ‘हाश लिल्लाह’ हा उद्गार ३१ आणि ५१मध्ये, युसूफ यांचे वडील हजरत याकूब यांचे ‘फसब्रुन जमील’ (आता सुंदर सबुरीच) १८ आणि ८३मध्ये.

तरीही सगळे या वर्तुळात बसत नाही. कैद्यांच्या स्वप्नांचा उलगडा तिथल्या तिथे, ४१व्या आयतीत होतो. युसूफ यांचा सदरा तीनदा येतो: रक्ताने माखलेला, मागून फाटलेला आणि वडिलांची दृष्टी परत आणणारा. तो धागा सरळ पुढे जातो. एका सूरहमध्ये अशा दोन चाली एकत्र नांदतात, आणि मला ते वर्तुळापेक्षाही मोलाचे वाटते.

अशा रचना शोधताना सर्वांत जास्त चुका सूरह बकरहवर, म्हणजे आयतुल कुर्सी जिच्यात आहे त्या दुसऱ्या सूरहवर, होतात. एकूण आयती २८६, आणि १४३व्या आयतीत ‘उम्मतन वसतन’, मध्यम समुदाय. म्हणून ‘बरोबर मध्यावर’ असे सांगितले जाते. पण २८६ ही इराकमधल्या कूफा शहराच्या परंपरेची गणती. बसऱ्याची २८७, मदिनेची २८५. मजकूर तोच, आयत कुठे संपते एवढ्यावरच मतभेद. कूफ्याच्या गणतीत सुरुवातीचे ‘अलिफ लाम मीम’ स्वतंत्र आयत धरतात, बाकीच्यांत नाही. आकड्यावर उभा केलेला मध्य असा सरकतो. त्याऐवजी १४२ ते १५२ हा किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, बदलण्याचा भाग धरावा. तिथे ‘आपला चेहरा मस्जिदे हरामकडे (मक्केतल्या मशिदीकडे) वळव’ ही आज्ञा १४४, १४९ आणि १५०मध्ये तीनदा येते. हा मध्य गणती बदलली तरी हलत नाही.

त्याच्या दोन्ही बाजूंना भागांच्या जोड्या लावताना ‘श्रद्धा’, ‘कायदा’, ‘परीक्षा’ अशी ऐसपैस नावे देण्याचा मोह होतो. तेव्हा भागाची हद्द दहा आयतींनी मागेपुढे करून पाहावी. नाव तरीही चपखल बसत असेल तर त्या नावाने काहीच सिद्ध झालेले नाही. ‘अल्लाह’ किंवा ‘रब्ब’ दोन्हीकडे आले हाही पुरावा नव्हे, ते सगळीकडे येतात. सूरहमध्ये विरळ असलेला शब्द दोनच जागी भेटला तर तिथे थांबावे. आणि अनुवादावरून जोड्या लावू नयेत, कारण अनुवादक एकाच धातूला दोन जागी दोन मराठी शब्द देतो आणि नेमका तोच धागा तुटतो.