ताप नव्हता हो, नुसती कणकण होती

नाशिकमध्ये रक्तदान शिबिरांचा हंगाम आणि डेंग्यूचा हंगाम एकच. १५ ऑगस्ट, गणेशोत्सव, नवरात्र, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन, मधेच कुणा नेत्याचा वाढदिवस. नेमक्या त्याच दिवसांत सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोडच्या गल्ल्यांत घरटी एकजण तापाने झोपलेला असतो, आणि दवाखान्यांतून प्लेटलेटसाठी फोन सुरू असतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवून जेमतेम ५ दिवस टिकतात. म्हणजे साठा करून ठेवता येत नाही. ज्या गल्लीत डेंग्यू आहे, त्याच गल्लीतल्या मंडळाच्या मांडवात पिशव्या भरायच्या, असा हा पेच आहे.

आता एक गैरसमज आधी काढून टाकू. दान केलेल्या प्रत्येक पिशवीवर आपल्याकडे पाच चाचण्या सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. ‘मलेरिया बघतात म्हणजे डासांचं सगळं बघतात’ असं पुष्कळांना वाटतं. मलेरिया हा परजीवी आहे, विषाणू नाही, आणि त्याची चाचणी डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका यांपैकी कशालाच ओळखत नाही. काही रक्तकेंद्रं जादा पैसे घेऊन ‘नॅट’ (विषाणूचं जनुकीय द्रव्य थेट शोधणारी चाचणी) केलेलं रक्त देतात. तीही एचआयव्ही आणि दोन हिपॅटायटिससाठीची. नॅटचा शिक्का असलेली पिशवी डेंग्यूसाठी तपासलेली नसते.

मग डेंग्यूची चाळणी कुठे होते? प्रयोगशाळेत नाही. मांडवाच्या तोंडाशी, फॉर्म भरून घेणाऱ्या टेबलावर.

त्यासाठी विषाणूचं वेळापत्रक डोक्यात हवं. डास चावल्यापासून साधारण ४ ते १० दिवसांनी ताप येतो. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीच विषाणू रक्तात उतरलेला असतो आणि ताप चढल्यावर पुढे चार-पाच दिवस राहतो. तापाने फणफणलेला माणूस शिबिराला येतच नाही, त्याची भीती नाही. भीती आहे ती उद्या किंवा परवा आजारी पडणार आहे त्याची. आणि ज्याला काहीच होणार नाही त्याचीही, कारण डेंग्यूची बहुतेक लागण लक्षणांशिवायच उरकते. थंड कपाटात विषाणू मरत नाही, तांबड्या पेशींच्या पिशवीतही नाही.

रक्तातून डेंग्यू गेल्याच्या नोंदी आहेत: हाँगकाँग २००२, सिंगापूर २००७, त्याच वर्षी पोर्तो रिको. चिकुनगुन्याचा विषाणू रक्तात प्रचंड संख्येने असतो, तरी रक्त चढवल्यामुळे तो झाल्याचं पक्कं सिद्ध झालेलं उदाहरण नाही. डेंग्यूचं सर्वांत उपयोगी काम ब्राझीलमधलं. २०१२ च्या साथीत रिओमध्ये ०.५१ टक्के आणि रेसिफेमध्ये ०.८० टक्के पिशव्यांत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडला. ज्यांच्या अंगात आधीची प्रतिकारशक्ती नव्हती अशा रुग्णांना तशा पिशव्या गेल्या, तेव्हा तिघांतल्या साधारण एकाला लागण झाली. पण त्यांची तब्येत इतर रक्त घेतलेल्या रुग्णांपेक्षा ठळकपणे जास्त बिघडली असं दिसलं नाही. म्हणून घबराट नको. मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घेणारं थॅलेसेमियाचं मूल, केमो चालू असलेला रुग्ण आणि गरोदर बाई यांच्या बाबतीत ‘बहुधा काही होणार नाही’ एवढ्यावर भागत नाही.

‘एनएस-१ चा किट स्वस्त आहे, प्रत्येक दात्याला करा की’ असं दरवर्षी कुणीतरी सुचवतंच. एनएस-१ हे डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन. किट २० मिनिटांत निकाल देतो, पण तो तापाच्या रुग्णासाठी बनवलाय. सुरुवातीच्या ज्या एक-दोन दिवसांची आपल्याला धास्ती, तेव्हा आरएनए असतो पण एनएस-१ किटच्या रेषेपर्यंत पोचलेला नसतो. शिवाय ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय (नाशिकमध्ये असे पुष्कळ) त्याच्या अंगातल्या जुन्या प्रतिपिंडांना एनएस-१ चिकटतो आणि किटला दिसेनासा होतो. म्हणजे निगेटिव्ह रेषेवर विसंबता येत नाही. आयजीएम (लागण झाल्यावर शरीर आधी बनवतं तो प्रतिपिंड) तर चाळणीला अगदीच निरुपयोगी, कारण तो तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी उगवतो, म्हणजे विषाणू निघायच्या बेताला. प्लेटलेटची संख्या बघून ठरवू म्हणाल, तर तीही तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरच घसरते. मशीनवर प्लेटलेट देणाऱ्याची संख्या दीड लाखाच्या वर असावी लागते, ती बघायचीच, पण ‘दोन लाख चाळीस हजार आहेत, म्हणजे डेंग्यू नाही’ हा निष्कर्ष चुकीचा. खरी चाळणी आरएनए शोधणाऱ्या पीसीआर जातीच्या चाचणीनेच होते. तिचा खर्च आणि वेळ प्रत्येक पिशवीवर घालणं आज शक्य नाही.

राहिला नियम. २०१७ च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे डेंग्यू किंवा चिकुनगुन्या होऊन गेलेल्याने पूर्ण बरं झाल्यापासून ६ महिने रक्त द्यायचं नाही. मलेरियाला हीच मुदत ३ महिने. डेंग्यू असलेल्या भागातून प्रवास करून आलेल्याने, ताप आला नसला तरी, ४ आठवडे थांबायचं. हा शेवटचा नियम कागदावर छान दिसतो. पण ऑगस्टमध्ये इंदिरानगरात राहणारा माणूस कुठून प्रवास करून येणार? तो तिथेच नांदतोय. नियम शब्दशः लावला तर चार महिने नाशिकमध्ये एकही पिशवी भरता येणार नाही. म्हणून तो इथे लावत नाहीत, आणि सगळा भार प्रश्नांवर येतो.

फॉर्मवर ‘अलीकडे ताप आला होता का?’ असा प्रश्न असतो, आणि त्यावर माणसं फटकन ‘नाही’ म्हणतात. खोटं बोलत नसतात. मराठी माणसाच्या लेखी ताप म्हणजे अंथरूण धरणं. त्याआधीचं सगळं म्हणजे कणकण, कसकस, अंग मोडून येणं, ‘जरा पावसात भिजलो होतो’. म्हणून प्रश्न फोडून विचारायचा. गेल्या १४ दिवसांत कणकण वाटली का? डोळ्यांच्या मागे दुखलं का? सकाळी उठताना मनगटं, घोटे धरले होते का? अंगावर पुरळ? आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न: गेल्या ३ दिवसांत डोकेदुखीची, अंगदुखीची कुठली गोळी घेतली का? ‘ताप नाही’ म्हणणारा माणूस ‘काल रात्री एक क्रोसिन घेतली’ हे मात्र लगेच सांगतो.

त्यापुढचा प्रश्न छापील फॉर्मवर नसतो: घरात किंवा शेजारी कुणाला डेंग्यू आहे का? डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही, एका घरात दोघंतिघं चावतो. घरात चालू रुग्ण असेल तर त्या दात्याला दोन आठवडे पुढे ढकलणं माझ्या मते रास्त आहे. नियमात नसलं तरी रक्तकेंद्राचा डॉक्टर तसं ठरवू शकतो.

थर्मामीटरचं एक सांगायला हवं. कपाळासमोर धरायची बंदूक मांडवात बेभरवशाची असते. घाम पुसला नाही तर आकडा कमी येतो, उन्हातून आलेल्याला जास्त. दात्याला पंख्यापासून दूर, सावलीत १० मिनिटं बसवा, कपाळ कोरडं करा, मग मोजा. शंका आली की काखेत साधा डिजिटल लावा. पॅरासिटामॉल घेतलेल्याचं तापमान चार-सहा तास नॉर्मलच येतं, म्हणून गोळीचा प्रश्न आधी आणि थर्मामीटर नंतर.

आणि नकार सगळ्यांसमोर देऊ नका. मित्रांच्या घोळक्यात आलेला पोरगा ‘बाद’ व्हायला लाजतो. मंडळाने डबा किंवा बॅग भेट ठेवलेली असेल तर आणखीच गडबड, कारण भेटीसाठी माणूस कणकण गिळून टाकतो. भेट ठेवलीच असेल तर पुढे ढकललेल्यालाही द्या.

झिकाचा प्रश्न वेगळा. पाचातल्या चारांना लक्षणंच नसतात, त्यामुळे प्रश्न विचारून फारसं हाती लागत नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात रुग्ण निघाले. नोकरीनिमित्त पुण्याला राहून शनिवार-रविवार नाशिकला येणारी मुलं आपल्या शिबिरांत भरपूर असतात. झिकाचा उद्रेक चालू असलेल्या भागातून आलेल्याला ४ महिने थांबवायचं, एवढंच हातात आहे. म्हणून साथीच्या दिवसांत ‘गेल्या चार महिन्यांत कुठे राहत होता?’ हे विचारायचंच.

अमेरिकेत २००२ मध्ये वेस्ट नाइल हा डासांचाच एक विषाणू रक्तातून पसरल्यावर २००३ पासून सगळीकडे चाचणी सुरू झाली. तिथली एक पद्धत घेण्यासारखी आहे: एरवी अनेक नमुने एकत्र करून तपासायचे, आणि एखाद्या भागात पॉझिटिव्ह निघू लागले की तिथे प्रत्येक नमुना वेगळा. आपल्याकडे सरसकट नाही तरी प्रभागातले रुग्ण वाढले की गरोदर बायका आणि थॅलेसेमियाच्या मुलांसाठीच्या पिशव्या तेवढ्या पीसीआरने तपासणं जमण्यासारखं आहे.

तोवर सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे फोन. दात्याला ‘१४ दिवसांत ताप आला तर कळवा’ असं छापलेलं कार्ड देतात, ते शर्टाच्या खिशात धुतलं जातं. त्यापेक्षा आपणच दुसऱ्या दिवसाअखेर फोन करावा. वेळापत्रक आठवा: दानाच्या वेळी विषाणू रक्तात असेल आणि माणूस आजारी पडणारच असेल, तर ताप बहुधा एक-दोन दिवसांत दिसतो. तोवर प्लेटलेट अनेकदा हलत्या ट्रेवरच असतात, तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा तर बहुधा कपाटात. ताप आहे म्हणाला की पिशवीच्या क्रमांकावरून तिन्ही घटक शोधून वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, दात्याची तपासणी करून घ्यायची, आणि एखादा घटक गेलाच असेल तर त्या वॉर्डच्या डॉक्टरला कळवून रुग्णाच्या तापावर दोन आठवडे लक्ष ठेवायला सांगायचं. रविवारच्या शिबिराचा फोन मंगळवारी संध्याकाळी, सातनंतर. कंपनीत पहिल्या पाळीला जाणारा दुपारी उचलत नाही.