नखाखालच्या कॅन्सरमध्ये एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय नक्की कशाला लागतात

आमच्या वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात नख काळं असलं तर कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही. काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं टरफलाच्या तेलाने काळी, होडीवरच्या माणसांच्या अंगठ्यावर कायम काहीतरी आपटलेलं, आणि पावसाळ्यात शेतात राबणाऱ्यांची पायाची नखं कुजलेली ती वेगळीच. त्यामुळे नखाखालचा काळा पट्टा महिनोन्महिने रुंद होत गेला तरी, "चिकाचो डाग तो, जातलो." मी एक्स-रे-सोनोग्राफी सेंटरवर काम करते, तिथे असं बोट घेऊन आलेलं माणूस टेबलावर हात ठेवता ठेवताच विचारतं, "ह्यात कॅन्सर दिसतलो मां?"

तर नाही, कॅन्सर आहे की नाही ते बायोप्सीच सांगते, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणी. नखाखाली मुख्यतः दोन प्रकार होतात, स्क्वामस सेल कार्सिनोमा (कातडीच्या वरच्या थराचा) आणि मेलानोमा (कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा), आणि पहिला तर बऱ्याचदा काळा नसतोच, चामखीळ किंवा बरं न होणारं नखुरडं वाटतं, लोक वर्षानुवर्षं बुरशीचं मलम लावत बसतात. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं (हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं), पण पट्टा तिथेच राहिला, रुंदावला किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला तर स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन डर्मोस्कोपी करून घ्या, ती साध्या भिंगासारख्या यंत्राने दोन मिनिटांत होते.

मग आमचं काम काय? ते सगळं खोलीचं आहे. शरीरावर इतरत्र कातडीखाली चरबी असते, नखाच्या गादीखाली (नख ज्यावर बसतं त्या मऊ कातडीखाली) ती नसते, खाली लगेच हाड. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला कळायला हवं की गाठ वरच आहे की हाडात शिरली आहे. वर असेल तर नख आणि गादी काढून दुसरीकडची कातडी लावता येते, बोट राहतं. हाडात गेली असेल तर बहुतेक वेळा टोकाचं पेर काढावं लागतं. नारळ सोलणाऱ्या, जाळं विणणाऱ्या माणसाच्या अंगठ्याचं एक पेर म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

पहिला एक्स-रे, तोही त्या एकाच बोटाचा, समोरून आणि बाजूने. अख्ख्या पंजाचा काढला तर बाजूने बघताना बोटं एकावर एक येतात आणि हवं तेच झाकलं जातं, याबाबतीत मी हट्टी आहे. पण एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात खड्डा नीट दिसत नाही. उलट हाड खाल्लेलं दिसलं म्हणजे कॅन्सरच असंही नाही, जुन्या पूनेही हाड खाल्लं जातं. हाय-फ्रिक्वेन्सी सोनोग्राफीत गाठीची जाडी आणि तिच्यातला रक्तपुरवठा दिसतो, आणि एमआरआयमध्ये हाडाच्या आतला मगजही दिसतो. "नखाक कसलो एमआरआय?" असं घरचे म्हणतात, गोव्याला नाहीतर कोल्हापूरला जायचं, गाडीभाडं, एक दिवसाची मजुरी, मला कळतं ते. पण पेर काढायचं की ठेवायचं हे त्यावर ठरणार असेल तर तो खर्च करावाच असं माझं ठाम मत आहे.

मेलानोमा निघाला तर काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथींकडेही बघावं लागतं, तिथे सोनोग्राफी होते, आणि मेलानोमाच्या जाडीप्रमाणे बोटात किरणोत्सारी औषध टोचून कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचेल ती पहिली ग्रंथी कुठली ते शोधतात. पेट-सीटी (कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते बघणारा स्कॅन) मात्र सगळ्यांना लागत नाही, सुरुवातीच्या पातळ मेलानोमात उगीच करू नये.

शक्य असेल तर एमआरआय बायोप्सीच्या आधी करा, नंतरच्या सुजेमुळे चित्र गढूळ येतं. नेलपॉलिश काढून या, पेसमेकर असेल तर आधी सांगा. आणि मुंबईला परळला टाटामध्ये जायचं झालं तर नुसते रिपोर्ट नेऊ नका, फिल्म आणि सीडी आमच्याकडून आणि बायोप्सीचा ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याचा काचेवरचा काप) लॅबमधून मागून घ्या, आणि मगच तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढा.