रेघ नसलेलं अक्षर

1987 साली मी माण तालुक्यातल्या एका खेड्यात पोस्ट सांभाळत होतो. पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पडवी. एक टेबल, वजनकाटा आणि शिक्का. गावचा एक पोरगा श्रीलंकेत होता. 29 जुलैला करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडं गेली, तेव्हा नावातच शांती म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ऑक्टोबरात लिट्टेशीच, म्हणजे तिकडच्या तमिळ बंडखोरांशीच, लढाई जुंपली. रेडिओवर रोज जाफना, जाफना. पत्त्यात मात्र जाफन्याचं नाव नाही, नुसतं 'मार्फत 56 एपीओ', म्हणजे लष्करी पोस्ट. माणूस सियाचीनला असला तरी तेच.

दिवाळीनंतर त्याचं इनलँड आलं. आई अडाणी, म्हणून वाचायचं मीच. 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. इकडे ताडाची झाडं फार. पाऊस लागून राहिलाय. बैलाचं खूर बरं झालं का?' लढाईचं एक अक्षर नाही. ते कुणीच लिहीत नसे.

मी घडी घालून पत्र दिलं. म्हातारीनं ते उजेडात धरलं, मग कमरेच्या पिशवीतून जुनी पत्रं काढून शेजारी मांडली.

"मास्तर, ह्ये अक्षर त्येचं न्हाई."

"आक्के, त्याचंच नाव आहे की खाली."

"त्येच्या अक्षरावर रेघ नसती. मोकळ्या डोक्याची असत्यात."

खरंच होतं. जुन्या एकाही पत्रात शिरोरेघ नव्हती. या पत्रात पट्टीनं ओढल्यासारखी. इतकी वर्षं वाचत होतो मी, पण माझं लक्ष मजकुरावर.

"घाईत जोडीदाराकडून लिहून घेतलं असंल," मी म्हणालो. माझं मलाच पटलं नाही.

"मग हाताला काय झालंय, त्येवढं इचारा."

विचारलं. तार दहिवडीहून सायकलवर यायची. त्या दिवसांत घंटा वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा. शांतिसेनेचे 1100 हून अधिक जवान परत आले नाहीत, हा आकडा फार पुढे कळला.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं, ओळी उताराला लागलेल्या. हाताबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. मी वाचायला तोंड उघडणार, तर तिनं हातानंच थांबवलं आणि शब्दांच्या डोक्यावरून बोट फिरवत गेली.

"रेघ न्हाई," ती म्हणाली. "ह्यो त्योच. पर हात दुखतोय त्येचा."

मग पदराच्या गाठीतून पैसे सोडले. "दोन इनलँड द्या."