पट माझा की मामांचा

रविवारपासून डोक्यात गोल्फमधला एकच पट, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका, घुसून बसलाय, आणि गंमत म्हणजे तो पडलेला, म्हणजे होलमध्ये गेलेला, पट आहे. हुकलेले पट रात्री आठवतात, ते सगळ्यांचंच होतं. पडलेल्या पटाने झोप का उडावी?

सातवं होल, दहा-बारा फूट, बर्डीसाठी, म्हणजे होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी. मी माझं सगळं साग्रसंगीत केलं. बॉलच्या मागून बघितलं, होलच्या पलीकडून बघितलं, खालच्या अंगाला जाऊन उकिडवा बसलो कारण उतार तिथूनच नीट कळतो, मग बॉल जाणार त्या लाइनच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून कुठल्या पायावर भार येतोय ते चाचपलं. पाय म्हणाले जवळपास सपाट. डोळे म्हणाले उजवीकडे वळणार. डावीकडे एक कप, म्हणजे होलच्या तोंडाएवढं अंतर, धरायचं ठरवून उभा राहिलो, तर मामा, म्हणजे माझी बॅग उचलणारे आणि सल्ला देणारे कॅडी, झेंडा हातात धरून, उभ्याउभ्याच, एकदा बघून म्हणाले, "साहेब, डावीकडं न्हाई. उजव्या कडंच्या बाहेर एक कप. हळू मारा."

मारला. शेवटच्या दोन फुटात बॉल मेल्यासारखा हळू झाला, डावीकडे वळला आणि आत. बरोबर खेळणाऱ्या कर्नलने टाळ्या वाजवल्या, मी हात वर केला. आणि तेव्हापासून हे असं. परीक्षेत मागच्या बाकावरच्याने उत्तर सांगावं आणि बाईंनी शाबासकी मला द्यावी, तसं.

नंतर मामांना विचारलं तर त्यांनी होलची डावी कड दाखवली. जराशी विस्कटलेली, तपकिरी पडलेली. म्हणजे गवत त्या बाजूला झोपलंय. डावीकडे टेकडी असल्याने डोळ्याला वाटतं जमीन टेकडीपासून उजवीकडे उतरते, पण टेकडी आणि ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, मधे नाला आहे आणि ग्रीनचं सगळं पाणी त्या नाल्याकडे काढलंय. बॉल जोरात असतो तोवर ना उताराला दाद देतो ना गवताला, हळू झाला की दोन्ही मिळून ओढतात. हे सगळं मला माहीत होतं हो! व्हिडिओ बघून, हॉलमधल्या मॅटवर रात्री टकटक करून, हिचे टोमणे खाऊन शिकलोय. उन्हात चमकतं ते गवत आपल्यापासून लांब वाढलेलं, गडद दिसतं ते आपल्याकडे, वगैरे वगैरे सगळं पाठ. आणि ऐन वेळी डोळ्याला टेकडीच दिसली. चष्म्याचा नंबरही... ते जाऊ दे.

मामांना म्हटलं, तुम्हाला एवढं लगेच कसं कळतं? तर हसले. "हरळी कुठं पळती ते आमाला नको का कळाय?" खरंय. ग्रीनवरचं बर्म्युडा गवत म्हणजे शेवटी हरळीच, आमच्या आजोबांचा जन्म ती शेतातून खणून काढण्यात गेला आणि मी तिच्यावर चालायला वर्गणी भरतो. मामा स्वतः सोमवारी खेळतात, दुसऱ्याच्या जुन्या पटरने. त्यांना एका राउंडचे किती मिळतात आणि मी नुसत्या बॉलवर किती घालवतो, असो.

नियमाने बघितलं तर पट माझाच. कॅडी लाइन सांगू शकतो, खेळाडू स्टान्स घ्यायला, म्हणजे फटक्यासाठी पाय रोवायला, लागला की मुद्दाम मागे उभं राहून नेम लावून देऊ शकत नाही, 2019 पासून तेवढं बंद केलंय. म्हणजे सांगणं चालतं, मारणं आपलं. पण मारणं म्हणजे काय, मामांनी बोट दाखवलं तिकडे ढकलला. शिकायचं होतं ते उतार आणि गवत वाचायला.

काल रात्री उगाच 2013 चं मास्टर्स, अमेरिकेतली मोठी गोल्फ स्पर्धा, परत बघत बसलो. ॲडम स्कॉट, कॅब्रेराबरोबर बरोबरीनंतरचा प्लेऑफ, दहावं होल, अंधार पडत आलेला. स्कॉटला वाटत होतं ब्रेक, म्हणजे बॉलचं वळण, साधारण एक कपाचा आहे, त्याचा कॅडी स्टीव्ह विल्यम्स म्हणाला, किमान दोन. स्कॉटने ऐकलं, पडला, मास्टर्स जिंकणारा पहिला ऑस्ट्रेलियन झाला. विजेत्याचं हिरवं जॅकेट स्कॉटनेच घातलं, विल्यम्सला एक बाहीसुद्धा कुणी दिली नाही. आणि स्कॉट त्या रात्री गादीवर तळमळत पडला असेल असं काही वाटत नाही. मग मी कोण लागून गेलो? माझी तर कर्नलबरोबर नाश्त्याची पैज होती.

तरी पुढच्या रविवारी मामांना सांगणारे, पहिले नऊ होल तुम्ही काही बोलायचं नाही, मी वाचणार, तुम्ही नुसता झेंडा धरा. हे कर्नलला फोनवर सांगितलं तर तो इतका खूश झाला की त्याने पैज नाश्त्यावरून थेट जेवणावर नेली, तेही बायकांसकट. आता म्हणतोय मामांना पहिले तीनच होल गप्प बसवावं.