तुम्ही विचारलेत म्हणून: रडारला आमची गाडी केवढी दिसते?

वाहने आणि इतर वस्तू रडारच्या लहरी किती परत पाठवतात हे मोजण्याचे माझे काम आहे, असे कळले की नाशिकच्या सातपूर-अंबडचे ओळखीचे लोक हमखास विचारतात, "मग आमची गाडी रडारला केवढी दिसते?" त्यांना मायलेजसारखा एक आकडा हवा असतो. तो देता येत नाही, आणि का ते जिन्यात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून येथे लिहितो.

आम्ही जे मोजतो त्याला रडार क्रॉस सेक्शन म्हणतात आणि ते चौरस मीटरमध्ये सांगतात. सुमारे 1 मीटर 13 सेंटिमीटर व्यासाचा धातूचा गुळगुळीत गोळा रडारला 1 चौरस मीटर दिसतो, मग तो कसाही फिरवा. हा साधेपणा गोळ्यापुरताच. गाड्यांमध्ये आता बसवतात त्या 77 गिगाहर्ट्झच्या रडारची तरंगलांबी चार मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी असते. त्यामुळे 10 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी सपाट पत्रा अगदी समोर धरला, तर तो सुमारे 80 चौरस मीटरचा भरतो. दीड फुटी पाटाच्या एका कडेखाली पेन्सिल सारल्यावर पाट जेवढा कलेल, जेमतेम तेवढा तो कलू द्या, की परत येणारा संकेत जवळजवळ नाहीसा होतो.

गाडी म्हणजे असे शेकडो तुकडे. नंबरप्लेट, चाकांच्या रिम, बंपरमागची पट्टी या प्रत्येकाकडून आलेल्या लहरी कधी एकमेकींना जोर देतात, तर कधी खोडून काढतात, आणि म्हणून गाडी ज्यावर ठेवून फिरवतो ते टर्नटेबल अर्धा अंश फिरले तरी आकडा दहापट वर-खाली होऊ शकतो. मागून पाहिलेली कार साधारणतः 10 चौरस मीटर धरतात आणि माणूस 1 पेक्षा कमी, पण ही सरासरी झाली. मला स्वतःला कारपेक्षा ट्रॅक्टरची ट्रॉली अधिक रंजक वाटते. रिकाम्या ट्रॉलीत जेथे पत्रे काटकोनात भेटतात ते कोपरे लहर आल्या वाटेने परत पाठवतात. द्राक्षांच्या हंगामात तीच ट्रॉली प्लास्टिकच्या क्रेट्सनी भरली, की रडार क्रेट बहुतांशी भेदून आतल्या पाणीदार मण्यांपर्यंत पोहोचते. गाडीच्या काळ्या-पांढऱ्या रंगाने मात्र काही बिघडत नाही.

अंतराचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण जवळून मोजले तर आकडा अंतरानुसारही बदलतो. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे साडेचार मीटर लांबीच्या गाडीचे खरे मोजमाप या तरंगलांबीला 10 किलोमीटरहून अधिक अंतरावरून घ्यावे लागेल, म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकातली गाडी आडगावाच्याही पुढे उभे राहून मोजण्यासारखे. गाडीत आपोआप ब्रेक लावणाऱ्या रडारला तर फार तर शेवटच्या दोनशे मीटरांशी कर्तव्य असते. म्हणून आम्ही जवळूनच मोजतो, आणि प्रत्येक आकड्यासोबत कोन, अंतर, अँटेनाची उंची व वारंवारता लिहितो. अंतर न लिहिलेला तक्ता आला, तर मी तो परत पाठवतो. यात मला हट्टी म्हटले जाते, ते चालेल.

रोज सकाळी आधी रिकामी जागा मोजायची, मग ज्याचे उत्तर गणिताने माहीत आहे असा कॉर्नर रिफ्लेक्टर, म्हणजे काटकोनात जोडलेल्या तीन त्रिकोणी पत्र्यांचा कोपरा, ठेवायचा (10 सेंटिमीटर कडांचा असेल तर सुमारे 27 चौरस मीटर), आणि नंतरच गाडी आणायची. गाडीच्या मोजमापातून रिकाम्या जागेचे मोजमाप वजा करतात. मधल्या वेळात तेथे काहीही हलता कामा नये. एकदा दोन सकाळी वाया गेल्या, कारण एका स्कूटरच्या मागे, जेथे काहीच नव्हते, तेथे ठळक प्रतिध्वनी दिसत होता. केबल बदलल्या, अँटेना तपासल्या. शेवटी सापडला तो रिकामी जागा मोजून झाल्यावर कुंपणाच्या दगडावर ठेवलेला स्टीलचा जेवणाचा डबा, आणि तो माझाच होता.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांना मी एका कारचा गोल आलेख छापून दिला. प्रत्येक दिशेला वेगळ्या लांबीचा काटा, त्यामुळे तो निवडुंगासारखा दिसतो. सर्वांत लांब काट्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हाच ना आकडा?" तो गाडीच्या सपाट दारांचा, बरोबर काटकोनातला होता, हायवेवर मागून येणाऱ्या गाडीच्या रडारसमोर ती बाजू सहसा येतच नाही.