कूलरचा बोर्ड, नोंद पाचवी : ६४ एमबीत क्रॅश कर्नल बसवताना

गच्चीवरच्या कूलरची टाकी मोजणारा बोर्ड रोज दुपारी एकच्या सुमारास पडतो. मे महिन्यातलं नागपूर आहे, त्यामुळे सगळे उन्हालाच दोष देतात. मला पुरावा हवा होता, म्हणून केडम्प : लिनक्सचा कर्नल (गाभा) कोसळला की राखीव मेमरीतून दुसरा छोटा ‘क्रॅश कर्नल’ उठतो आणि पडलेल्याच्या मेमरीची नक्कल, म्हणजे डम्प, काढतो.

रॅम ५१२ एमबी. त्यातले ६४ राखायला क्रॅशकर्नल या बूट पॅरामीटरला दिले, केएक्सेकने (चालू कर्नलमधूनच दुसरा चढवणारं साधन) दुसरा कर्नल निमूट लोड केला. सिसआरक्यूने (कर्नलला थेट हुकूम देण्याची सोय) पहिला मुद्दाम पाडला, तर सिरियल कन्सोलवर ‘इनिट-रॅम-एफएस अनपॅकिंग फेल्ड : राइट एरर’ आणि पाठोपाठ दुसरा पॅनिक, म्हणजे क्रॅश कर्नलही कोसळला. पंचनाम्याला आलेला हवालदारच आडवा!

१२८ दिले की चालतं. पण ही जागा बूट होतानाच बाजूला निघते, रोजच्या कर्नलला कधीच मिळत नाही. पाव रॅम अशी घालवायला जीव होईना.

मी भुललो तो इनिट-रॅम-एफएसच्या, म्हणजे बूट होताना मेमरीत उलगडणाऱ्या फाइलच्या, आकाराला. दाबलेली फाइल १३ एमबी, उलगडल्यावर ४३! उलगडताना दोन्ही मेमरीत असतात ते वेगळंच. शिवाय रूटएफएस (मूळ फाइलसिस्टीम) टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्येच, असेल तर त्याची मर्यादा त्या कर्नलला दिसणाऱ्या रॅमच्या निम्मी, म्हणजे इथे जेमतेम ३२. मॉड्यूल (ड्रायव्हर वगैरेंचे सुटे तुकडे) मी डीबग माहितीसकट भरले होते. ते स्ट्रिप केले (ती माहिती छाटली), वायफाय-साउंड काढून फक्त मेमरी कार्डापुरते ठेवले. ४३ चे ८ झाले.

आता कर्नल उठला, पण ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणारा) डम्प लिहिणाऱ्या मेकडम्पफाइललाच उडवलं. इथे गुन्हेगार सीएमए (उपकरणांसाठी राखलेली सलग मेमरी) : कॉन्फिगमधले ३२ एमबी या चिमुकल्या कर्नलनेही राखून ठेवले होते, आणि कर्नलच्या स्वतःच्या मागण्या त्यातून भागत नाहीत. सीएमए ४ वर आणलं, सीपीयू एकच ठेवला. जमलं. मेकडम्पफाइलच्या लेव्हल ३१ ने शून्य, कॅश, युजर आणि मोकळी पानं गाळून डम्प २७ एमबीचा.

(पॅनिक-ऑन-ऊप्स १ करायला विसरू नका. नाहीतर साध्या ऊप्सवर (कर्नलमधली चूक, पण पूर्ण पॅनिक नाही) केडम्प जागाच होत नाही. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली.)

डम्पमधला बॅकट्रेस (पडण्याआधी कोणतं फंक्शन कुणी बोलावलं त्याची साखळी) थेट माझ्याच ड्रायव्हरवर आला. सेन्सरचं वाचन फसलं की परत आलेला नल पॉइंटर (रिकामा पत्ता) न तपासताच वापरतोय. आणि वाचन फसतं ते कूलरचा पंप सुरू होताना, एक वाजता. तपासणी आज घातली, सेन्सरची वायर पंपापासून लांब न्यायची राहिली आहे. तोवर पंप जरा उशिरा लावशील का, असं आईला विचारून पाहिलं.

“पंप बंद नाही राहत. तुझा डब्बा उचल तिथून.”